पापणी उडेना तेव्हा

मी नातीच्या तोंडात करंगळी घातली. तिनं ती ओढली नाही.

टेम्पो रेल्वेच्या फाटकापाशी उभा होता. पुढं उसाच्या बैलगाड्या, मागं उसाचे ट्रॅक्टर. ऊन डोक्यावर आलेलं. पोर माझ्या मांडीवर होती, अजून महिन्याचीही झालेली नव्हती. तिची टाळू इतकी आत गेली होती की तिथं चिंचोका ठेवला असता तर तो तसाच राहिला असता. जीभ कोरडी ठक्क. सकाळी ती बारीक आवाजात कण्हत तरी होती. श्रीगोंदा मागं पडल्यावर तेही थांबलं.

शेजारी माझी मुलगी, पोरीची आई. तिच्या अंगात ताप होता. छाती जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आवळून बांधलेली. ती पट्टी मीच बांधली होती.

"आई, उडतीय का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"नीट बघ ना."

"बघतीय. न्हाई उडत."

ती पापणीबद्दल विचारत होती. पोरीच्या डाव्या डोळ्याची पापणी. अकरा-बारा दिवस ती पापणी उडू नये म्हणून आम्ही दोघींनी नको ते केलं होतं. आणि आता ती एकदा तरी उडावी म्हणून मी त्या कोरड्या तोंडात बोट फिरवत होते.

टेम्पोवाला खाली उतरून फाटकवाल्याशी भांडून आला. "मावशी, त्यो म्हनतो मालगाडी यायचीय. मी काय करू? रूळ माझ्या बापाचे असते तर उचलून कडंला ठिवले असते."

त्याला काही करता येत नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही बसून राहिलो.

तिथवर कसे पोचलो ते सांगायचं तर आधी माझ्या मालकांच्या तोंडापासून सांगावं लागेल.

मालक साखर कारखान्यात गव्हाणीवर होते, म्हणजे ऊस गाडीतून जिथं आत पडतो तिथं. आम्ही कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहत होतो. मुलगी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मालक चूळ भरायला लागले तर पाणी तोंडाच्या एका बाजूनं गळून गेलं. तोंड उजवीकडं ओढलेलं, डावा डोळा मिटेना. लोक म्हणाले, पहाटेच्या पाळीला उघड्या ट्रॅक्टरवर बसून जातात, गार वारा लागला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. चार-पाच महिन्यांत तोंड बऱ्यापैकी जागेवर आलं. पण एक खोड मागं राहिली. आधी जो डोळा मिटत नव्हता, तो आता नको तेव्हा मिटायला लागला. ते घास चावायला लागले की डावा डोळा बारीक व्हायचा आणि मिटायचा. हसले तरी मिटायचा. त्यांच्या हातात काही नव्हतं.

कारखान्यात लोकांना करमणूक झाली. "भाऊ, डोळा कुनाला मारताय?"

"तुझ्या सासूला," मालक म्हणायचे.

मला पहिल्या-पहिल्यांदा राग यायचा. भाकरी वाढताना नवऱ्यानं डोळा मारावा असं आमचं वय राहिलं नव्हतं. मग सवय झाली. सवय झाल्यावर दिसायचंच बंद झालं.

मुलीला बघायला सुप्याहून पाहुणे आले तेव्हा मात्र ते मला पुन्हा दिसलं. मालक पाहुण्यांच्या पंगतीला बसले नाहीत. घरचा माणूस मागून जेवतो, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही. आम्ही काही लपवलं नाही. सांगितलंही नाही. लग्न झालं. जावई सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला होता. माणूस बरा, पण आईपुढं तोंड उघडत नसे.

पंच्याण्णव सालच्या दिवाळीला मुलगी माहेरी आली. सहावा महिना लागला होता. त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. वसाहतीत सगळ्यांनी दारं लावून घेतली. पोटुशी बाई ग्रहणात काही चिरत नाही, शिवत नाही, बाहेर बघत नाही, एका जागी बसून राहते. आमच्यात हे नव्हतं. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हा घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले. ग्रहण, अमावस्या, पाचवी हे सगळं त्याच गाठोड्यात गेलं, असं ते म्हणायचे. मला चौथीपर्यंत शाळेत बसवलं तेही त्यांनीच. डोळ्यांनी बघायचं आणि मग मानायचं, हे त्यांचं बोलणं माझ्या कानात बसलेलं होतं.

मालकांच्या छातीचा एक्सरे दाराच्या मागं खिळ्याला अडकवलेला होता. मुलगी म्हणाली, "आई, एक्सरेतनं सूर्य बघता येतो म्हनं."

मी म्हटलं, "मग बघ की."

ती अंगणात उभी राहिली. एक डोळा तळहातानं झाकला आणि दुसऱ्यापुढं एक्सरे धरला. मग मीही पाहिलं. मालकांच्या बरगड्यांच्या मागं सूर्य खाल्लेल्या भाकरीसारखा दिसत होता. आम्ही दोघी हसलो. शेजारीण तिच्या खिडकीच्या फटीतून आमच्याकडं बघत होती. म्हणजे खिडकी तिचीही उघडीच होती, पण ते पुढं कुणी धरलं नाही.

जानेवारीच्या शेवटी मुलगी श्रीगोंद्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, अंगानं चांगली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. चांगलं झालं तर सासरचं नाव, वाईट झालं तर माहेरच्या पदरात. त्यामुळं मी पोरीची हाताची बोटं, पायाची बोटं, पाठ, सगळं आधी तपासून घेतलं. सगळं जागेवर होतं. फक्त डावी पापणी पडलेली होती. डोळा अर्धा झाकलेला. नर्स म्हणाली, सूज असेल, उतरेल.

तिसऱ्या दिवशी दूध आलं आणि पोर पहिल्यांदा जोरात चोखायला लागली. त्याबरोबर ती पडलेली पापणी टप्पकन वर गेली. साधी उघडली नाही, वर गेली, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसेपर्यंत. पोर थांबली, पापणी खाली. चोखलं, वर. थांबली, खाली. आतून कुणीतरी दोरी ओढत असल्यासारखं. उजवा डोळा आपला शांत.

मुलीनं तिला ओढून बाजूला केलं. "आई, ही माझ्याकडं असं काय बघतीय?"

"ती कुठं बघतीय? ती पितीय. घे तिला."

पोरीला कसला त्रास दिसत नव्हता. ती पीत होती, झोपत होती, लंगोट ओले करत होती. पण प्यायला लागली की पापणी उडायचीच.

मालकांनी पाहिलं. मग म्हणाले, "माझं तिला गेलं."

"तुमचा मिटतो. हिचा उघडतो. तुमचं कसं जाईल?"

"उलटं हून गेलं आसंल."

त्या दिवसापासून ते नातीला मांडीवर घ्यायचे तेव्हा ओठ घट्ट मिटून बसायचे. हसायचे नाहीत. आपला डोळा मिटलेला तिनं बघू नये, बघून तीच खोड उचलू नये, असं त्यांना वाटत होतं.

मला मात्र ग्रहण आठवलं. मी ते कुणाला बोलले नाही. चौथ्या दिवशी मुलगी आपणहून म्हणाली, "आई, मी त्या दिवशी डावा डोळा झाकला हुता ना?"

"उजवा."

"डावा गं. एक्सरे उजव्या हातात हुता."

"मला उजवा आठवतोय."

खरं तर मला काहीच आठवत नव्हतं. आम्ही दोघी वेगवेगळ्या वेळी अंगणात जाऊन हात डोळ्यावर ठेवून बघायचो. मी एकदा तिला तसं करताना पाहिलं. तिनं मला पाहिलं असेल.

बाराव्या दिवशी नाव ठेवायला सुप्याहून माणसं आली. वंदना झाली, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मग पुरुष माणसं जेवायला बसली. आता मालकांना पंगत टाळता आली नाही, जावयानंच हात धरून बसवलं. त्याच वेळी पोर रडायला लागली आणि मुलगी कोपऱ्यात पदराआड तिला पाजायला बसली. विहीणबाई मधोमध बसल्या होत्या. त्यांनी एकदा कोपऱ्यात पाहिलं, एकदा पंगतीकडं पाहिलं. पुन्हा कोपऱ्यात. एकीकडं आजोबाचा डोळा घासागणिक मिटत होता, दुसरीकडं नातीचा डोळा घोटागणिक उघडत होता.

"हे काय हो, विहीणबाई?" त्या म्हणाल्या.

"जन्मल्यापासनं हाय. जाईल म्हनले दवाखान्यात."

"आन् ह्यांचं? ह्यांचं बी जन्मल्यापासनं हाय का?"

"त्यांच्या तोंडावरनं वारा गेल्ता."

"लग्नात नाय दिसला आमाला त्यो वारा."

पंगतीत सगळे खाली बघून जेवायला लागले. मालकांनी घास तोंडात तसाच धरून ठेवला, चावलाच नाही. शेजारीण घुगऱ्या खात बसली होती. तिला वाटलं आपण मदत करावी. ती म्हणाली, "वाऱ्याचं न्हाई हो बाई. पोरीनं भर गरानात सूर्य बघितला. एक डोळा झाकून. मी तवाच म्हनलं मनात."

"मनात कशाला म्हनलं? खिडकीतनं वरडायचं की," मी म्हटलं. "बघतच हुतीस ना?"

दोन-चार बाया हसल्या. विहीणबाई हसल्या नाहीत. त्या उठून मुलीजवळ जाऊन बसल्या आणि पोर पिऊन होईपर्यंत बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "गरान-बिरान मी बी मानत न्हाई. आमी बी देव सोडल्यात. पर डोळ्याला दिसतंय ते दिसतंय. अंगावर घेतलं की उडतोय, सोडलं की ऱ्हातोय. दुधातच हाय ते. वरचं पाजून बघा."

मी म्हटलं, दुधात काय असतंय. त्या म्हणाल्या, बघायला काय जातंय.

शेजारणीकडं पितळेचं बोंडलं होतं, लहान मुलाला दूध पाजायचं, चोचीचं. ते आणलं. ऊसतोडीच्या लोकांच्या कोप्यांवरून, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवरून, शेळीचं दूध आणलं. पोरीला मी मांडीवर घेतलं आणि चोचीतून थेंब थेंब दूध सोडलं. तिनं गिळलं. पापणी हलली नाही. अर्धं बोंडलं संपलं तरी नाही. मग तिला अंगावर दिलं. पहिल्याच घोटाला उडाली. पुन्हा बोंडलं, शांत. तीन वेळा केलं. सगळं घर गोल करून बघत होतं.

कुणी मला अंगारा लावायला सांगितलं असतं तर मी त्याला दारातून हाकललं असतं. पोरीला बिब्ब्याचा डाग द्यायचं म्हणाले असते तर मी हात धरला असता. पण हे मी स्वतः केलं होतं, उजेडात, तीन वेळा. मला पटलं.

निघताना विहीणबाई म्हणाल्या, "डोळा बरा हू द्या. मग येतो न्यायला." जावई दाराबाहेर चप्पल घालत होता. त्याला चप्पल सापडायला फार वेळ लागला, पण त्यानं वर पाहिलं नाही. डोळा बरा झाला नाही तर माझी मुलगी आणि नात दोघी माझ्याच दोन खोल्यांत राहणार, हे मला समजलं. तिलाही समजलं.

दुसऱ्या दिवसापासून दूध तोडलं. मुलीची छाती दगडासारखी झाली. ती भिंतीला धरून उभी राहायची आणि पोर रडली की तिच्या झंपरातून दूध पाझरायचं. मी लुगड्याची पट्टी फाडून आवळून बांधली. शेळीचं दूध जड जातं म्हणून त्यात निम्मं पाणी घातलं. पाणी वसाहतीच्या टाकीचं. उकळलं नाही. बोंडल्याच्या चोचीत दूध वाळून बसायचं, ते मी खराट्याच्या काडीनं काढायचे आणि मला वाटायचं मी फार स्वच्छता ठेवते.

आठ दिवस पापणी उडाली नाही. मुलीनं नवऱ्याला पत्र टाकलं, डोळा बरा आहे म्हणून. बरा नव्हता. पापणी पडलेली तशीच होती. पण पडलेल्या पापणीचं कुणाला काही नव्हतं. उडू नये, एवढंच होतं.

नवव्या दिवशी पोरीला पातळ व्हायला लागलं. हिरवं, पाण्यासारखं. मी जायफळ उगाळून चाटवलं. दुसऱ्या दिवशी वांती. कारखान्याच्या दवाखान्यातून औषध आणलं, तेही टिकेना. त्या दिवशी दुपारी मुलगी पट्टी सोडायला लागली.

"आई, मी घेते हिला जरा वेळ. नुसती जवळ घेते."

मी तिचा हात धरला. "नगं. आठ दिवस केलं ते वाया जाईल."

हे मी बोलले. दुसरं कुणी ते लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. तिनं हात खाली घेतला. माझं ऐकायची सवय होती तिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या दवाखान्यातल्या माणसानं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "आत्ताच्या आत्ता नगरला न्या," तो म्हणाला. एसटीची वाट बघायला वेळ नव्हता. कोबी घेऊन नगरला निघालेला टेम्पो मिळाला. मालक पाळीवर होते, त्यांना निरोप ठेवला. म्हणून आम्ही तिघी त्या टेम्पोत होतो, आणि म्हणून फाटकापाशी मी तिच्या तोंडात बोट घालून बसले होते.

मालगाडी आली. डबे संपता संपेनात. मग फाटक उघडलं.

नगरच्या दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी हाताला सुई लावायला बघितली, शीर सापडली नाही. पायाला सापडली नाही. मग पोरीच्या डोक्याचे थोडे केस वस्तऱ्यानं काढून तिथं सुई लावली. पोर रडली नाही. सुई टोचल्यावर पोरानं रडावं म्हणून वाट बघणारी मी एकटीच नव्हते, डॉक्टरही थांबल्या होत्या.

हात चालू ठेवून त्यांनी विचारलं, "काय पाजता?"

मी पिशवीतून बोंडलं काढून दाखवलं.

"आणि आईचं?"

"तोडलं."

"का?"

मी सांगितलं. पापणीचं सांगितलं, विहीणबाईंचं सांगितलं, तीनदा करून पाहिलं तेही सांगितलं. ग्रहणाचं मुलीनं सांगितलं. डॉक्टरांनी मुलीच्या छातीची पट्टी कात्रीनं कापली आणि नर्सला म्हणाल्या, हिलाही ताप आहे, हिचंही बघा. मग मुलीला म्हणाल्या, "दर दोन तासांनी हिला जवळ घ्यायचं. पिवो न पिवो."

"दूध न्हाई आता, बाई."

"येईल. नाही आलं तरी घ्यायचं."

पोर प्यायली नाही. स्तन तोंडात दिला की तिचे ओठ तसेच उघडे राहायचे. दूध तिच्या हनुवटीवरून खाली यायचं. खरं तर दोन-चार थेंबच यायचे. पापणी पडलेली, मेलेल्या पाखराच्या पापणीसारखी. मी चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी घालत होते. शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडच्या एका बाईचं पोर होतं, त्यालाही हगवण. त्याच्याही डोक्याला तशीच सुई. आम्ही दोघी एकमेकींच्या चमच्याकडं बघत बसायचो.

दुसऱ्या दिवशी मालक आले. ते वॉर्डाच्या दारातच बसले, आत येईनात. डॉक्टर आल्या तेव्हा उभे राहिले आणि तोंडावर रुमाल धरून म्हणाले, "बाई, माझ्यामुळं झालं का ते? माझा बी डोळा असाच हाय."

"रुमाल काढा. हसा बघू."

"हसू कसं?"

"बरं, गाल फुगवा."

त्यांनी गाल फुगवले. डोळा मिटला. डॉक्टरांनी जवळ येऊन पाहिलं आणि पहिल्यांदाच जरा वेळ थांबून आम्हाला सांगितलं. त्यांनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. चेहरा हलवणारी एक नस कानामागून येते आणि तिच्या फांद्या होतात, एक डोळा मिटायला, एक ओठ हलवायला. मालकांची ती नस सुजून जखमी झाली होती. बरी होताना तिचे धागे पुन्हा वाढले, पण काही धागे वाट चुकले. ओठाकडं जायचे ते डोळ्याकडं गेले. म्हणून ओठ हलवला की डोळा मिटतो.

"म्हंजे चारी फुटली आन् पानी दुसऱ्याच्या वावरात गेलं," मालक म्हणाले.

"तसंच. पण तुमचं नंतर झालं. हिचं पोटात असतानाच झालंय. आणि हिची नसही वेगळी. जबडा हलवणाऱ्या नसेचा एक फाटा हिच्या पापणीला जाऊन मिळालाय. चोखलं की जबडा हलतो, जबडा हलला की पापणी उचलली जाते. तुमचं तिला गेलेलं नाही."

मी विचारलं, "तिचा फाटा तिकडं का गेला?"

"ते कुणालाच सांगता येत नाही, मावशी. ग्रहणानं गेला नाही आणि दुधानं गेला नाही, एवढं सांगते."

"मग बोंडल्यानं का उडत नव्हती?"

"बोंडल्यातलं दूध आपोआप घशात जातं. चोखावं लागत नाही. जबडाच हलत नाही, तर पापणी कशी उडेल?"

इतकं साधं होतं. मी तीनदा पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा डोळ्याकडंच पाहिलं होतं. तोंडाकडं पाहिलं नव्हतं.

"बरी होईल का?" मुलीनं विचारलं.

"पापणी? पापणीनं काही होत नाही. मोठी झाली की ऑपरेशन करता येतं, नजर तेवढी तपासत राहायची." मग त्या पोरीकडं पाहून म्हणाल्या, "आधी ही पिऊ दे."

कारण कळलं, पण त्यानं पोर प्यायली नाही. मालक खाली जाऊन पायरीवर बसले. मी चमचा हलवत राहिले. त्या दिवशी दुपारी पाथर्डीच्या बाईचं पोर गेलं. तिनं पोराला टॉवेलात गुंडाळलं, खाटेखालची पिशवी घेतली, आणि जाताना तिच्याकडचा चमचा आणि वाटी माझ्या खाटेवर ठेवली. मी नको म्हणाले नाही. माझ्याकडं दुसरा चमचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा डोळा लागला होता. पोर माझ्याजवळ. मी काही मनात धरून केलं नाही, सवयीनं करंगळी तिच्या ओठांना लावली. ओठ मिटले. जिभेनं बोट धरलं. एकदा ओढलं, फार हलकं. आणि डावी पापणी वर गेली.

मी मुलीला पायानं ढोसलं. हात काढायची हिंमत नव्हती.

"काय गं?"

"बघ."

तिनं पाहिलं. पापणी खाली आली, पुन्हा वर गेली, पांढरं दिसेपर्यंत. मुलीनं मला बाजूला सारलं, अक्षरशः ढकललं, आणि पोरीला छातीशी घेतलं. सुईची नळी ओढली गेली म्हणून नर्स ओरडली. मुलीनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. ती पापणी मोजत होती, तोंडानं, मोठ्यानं. एक. दोन. तीन. अकरापर्यंत गेली आणि मग पोर दमून थांबली.

"दूध आलं का?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाई. उडतीय ना."

दूध पुरतं यायला पंधरा दिवस लागले. जावई दीड महिन्यानं न्यायला आला, एकटाच. आईला विचारून आला का, हे मी विचारलं नाही. बोंडलं मी शेजारणीला परत दिलं. तिनं विचारलं, डोळ्याचं काय झालं. मी म्हटलं, उडतोय.

पाथर्डीच्या बाईचं पोर गेलं. मालक पुढं बऱ्याच वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेले. त्या टेम्पोत आम्ही तिघी होतो. माझी मुलगी आहे, मी आहे, नात आहे. ती जेवायला बसली की तिची डावी पापणी अजून उडते.